सुवर्णपदकानंतरची २० वर्षे

१९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये ११० मीटर अडथळ्यांची शर्यत अमेरिकेच्या ली कॅल्हून यांनी जिंकली. १९६० मध्ये रोमला पुन्हा तेच. त्यांचे प्रशिक्षक लिरॉय वॉकर १९४५ पासून डरहॅमच्या नॉर्थ कॅरोलिना कॉलेजात होते. वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीयांसाठी वेगळे ठेवलेले हे महाविद्यालय.

पुढे श्वेतवर्णीयांच्या मोठ्या विद्यापीठांनी कृष्णवर्णीय धावपटू घेतले. प्रशिक्षक मात्र क्वचितच. नेमणुका जाहिरातीपेक्षा ओळखीने होत. क्रीडासंचालक आपल्या वर्तुळातील प्रशिक्षकाला विचारी आणि तो आपल्याच जुन्या सहायकाचे नाव सुचवी. या साखळीत डरहॅमचा दुवाच नव्हता. मग बंदीचा नियम लिहिण्याची गरज तरी कोणाला होती?

वॉकर यांची योग्यता परदेशांना मात्र दिसली. इस्राएल, इथिओपिया, केनिया अशा देशांच्या ऑलिम्पिक संघांना त्यांनी मार्गदर्शन केले. स्वदेशाच्या पुरुष संघाचे मुख्य प्रशिक्षकपद त्यांच्याकडे आले ते १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकसाठी. या पदावरील ते पहिले कृष्णवर्णीय. शिष्याच्या पहिल्या सुवर्णपदकाला तोवर २० वर्षे लोटली होती.

त्या संघाच्या सहायक प्रशिक्षकांत एक नाव डरहॅमचेच होते: ली कॅल्हून.