नानावटी खटला
मुंबई येथे १९५९ मध्ये ज्यूरीपुढे चाललेला व भारतातील ज्यूरीपद्धतीच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरलेला खुनाचा खटला. भारतीय नौदलातील कमांडर कावस माणेकशा नानावटी यांनी २७ एप्रिल १९५९ रोजी मोटारविक्रीचा व्यवसाय करणारे प्रेम आहुजा यांना त्यांच्या मुंबईतील राहत्या घरी रिव्हॉल्व्हरने गोळ्या घातल्या. आपल्या पत्नीचे आहुजांशी संबंध असल्याचे नानावटींना त्याच दिवशी तिच्याकडून कळले होते. घटनेनंतर ते स्वतः पोलिसांच्या स्वाधीन झाले.

मुंबईच्या सत्र न्यायालयात नऊ जणांच्या ज्यूरीपुढे हा खटला चालला. भारतीय दंड संहितेची कलमे ३०२ व ३०४ (भाग १) यांखाली दोषारोप होता. तत्कालीन फौजदारी व्यवहार संहितेच्या (१८९८) २८६ व्या कलमानुसार अभियोक्त्याने प्रारंभी अपराधाचे वर्णन वाचून दाखवावयाचे आणि तो कोणत्या पुराव्याने शाबीत करणार, हे थोडक्यात सांगावयाचे असे. हे प्रारंभिक निवेदन म्हणजे पुरावा नव्हे. तथापि पुढील साक्षी कोणत्या प्रश्नाच्या अनुरोधाने पारखावयाच्या, हे त्यावरून स्पष्ट होते.

येथे तो प्रश्न हेतूचा होता. नानावटींनी खोटे कारण सांगून जहाजावरून रिव्हॉल्व्हर व सहा गोळ्या घेतल्या, घर सोडल्यापासून गोळीबारापर्यंत सुमारे तीन तास लोटले आणि आहुजांच्या अंगावरील टॉवेलही सुटला नव्हता, यांवर अभियोग पक्षाचा भर होता. नानावटी केवळ जाब विचारण्यास गेले आणि झटापटीत गोळ्या अपघाताने सुटल्या, असे बचाव पक्षाचे म्हणणे होते.

ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीस निर्दोष ठरविले. हा निर्णय मान्य न झाल्याने सत्र न्यायाधीशांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले. अपघाताचा बचाव शाबीत करण्याची जबाबदारी आरोपीवर असते, हे ज्यूरीस नीट समजावून दिले गेले नव्हते, असे तेथे आढळून आले. उच्च न्यायालयाने १९६० मध्ये जन्मठेपेची शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने २४ नोव्हेंबर १९६१ रोजी ती कायम केली. मधल्या तीन तासांत आरोपीस स्वतःवर ताबा मिळविण्यास पुरेसा अवधी होता. त्यामुळे गंभीर व आकस्मिक प्रक्षोभाचा अपवाद त्यास लागू होत नाही, असे त्या न्यायालयाने म्हटले. पुढे १९६४ मध्ये राज्यपालांनी नानावटींना माफी दिली.

हा भारतातील ज्यूरीपुढील अखेरचा खटला होता, हा समज बरोबर नाही; फौजदारी खटल्यांतील ज्यूरी १९७३ च्या संहितेने संपुष्टात आली. प्रारंभिक निवेदनाची तरतूद मात्र त्या संहितेत (कलम २२६) व नंतरच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही (कलम २४९) कायम राहिली. आता ते केवळ न्यायाधीशांपुढे केले जाते.