ताओवाद आणि व्यसनमुक्ती

ताओवाद या प्राचीन चिनी विचारपरंपरेतील काही संकल्पनांचा उपयोग मद्य व अमली पदार्थांच्या व्यसनातून बाहेर पडण्यासाठी केला जातो. ही स्वतंत्र उपचारपद्धती नसून प्रचलित उपचारांना दिलेली वैचारिक जोड आहे.

वू-वेई आणि तलफ

'ताओ ते चिंग' या ८१ प्रकरणांच्या ग्रंथातील 'वू-वेई' ही संकल्पना येथे मध्यवर्ती आहे. तिचा शब्दशः अर्थ 'न करणे' असा असला, तरी आळस किंवा निष्क्रियता तिला अभिप्रेत नाही. स्वाभाविक गतीविरुद्ध बळजबरी न करणे, हा तिचा आशय होय. केवळ निग्रहाने तलफ दडपू पाहणारी व्यक्ती अनेकदा त्या पदार्थाच्याच विचारात गुंतून राहते. त्याऐवजी तलफ आली आहे हे मान्य करावे, तिच्याशी झगडू नये, तिच्या आहारीही जाऊ नये आणि ती ओसरू द्यावी, असा वू-वेईचा व्यवहारातील अर्थ लावला जातो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लाट यांनीही तलफेला उसळून ओसरणाऱ्या लाटेची उपमा दिली. मात्र त्यांच्या कार्यावरील प्रभाव बौद्ध ध्यानपरंपरेचा होता.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस (स्थापना १९३५) या संघटनेच्या बारा पायऱ्यांपैकी पहिली पायरी म्हणजे मद्यापुढे आपण हतबल असल्याची कबुली. तिचेही वू-वेईशी साम्य दाखवले जाते. हे साम्य फार ताणता येत नाही, कारण पुढील पायऱ्यांत ईश्वराची प्रार्थना आहे, तर 'ताओ ते चिंग'मधील ताओ हा प्रार्थना ऐकणारा ईश्वर नव्हे.

परंपरेतील मद्य

ताओवादी परंपरा सरसकट मद्यविरोधी नव्हती. 'च्वांगत्सू' या ग्रंथात गाडीतून पडूनही न दगावणारा मद्यपी दृष्टान्त म्हणून येतो. मद्याने मन एवढे निर्भय होत असेल, तर निसर्गाशी एकरूप झाल्याने ते किती होईल, असा त्याचा रोख आहे. तिसऱ्या शतकातील ल्यू लिंग हा कवी तर मद्यस्तुतीसाठीच ओळखला जातो. याउलट, वांग चोंगयांग (१११३–११७०) यांनी स्थापलेल्या च्वानचन पंथाने मद्य, कामवासना, धनलोभ व क्रोध यांचा त्याग साधकास आवश्यक ठरवला.

मर्यादा

दीर्घकाळ अतिमद्यपान करणाऱ्याने ते एकाएकी थांबवल्यास झटके येणे, भ्रम होणे असे प्रकार घडू शकतात व ते जीवघेणेही ठरतात. अशा वेळी वैद्यकीय देखरेख अनिवार्य असते. 'सहज सुटेल तेव्हा सुटेल' हा वू-वेईचा अर्थ विपर्यस्त आहे. अफूजन्य पदार्थांच्या व्यसनात दिले जाणारे मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन घेणेही या तत्त्वाच्या विरोधात जात नाही.