तारीख नसलेला फोटो

आमच्या घरापासून भाट्याची खाडी चालत पंधरा मिनिटांवर आहे. सकाळी फिरायला जाते तेव्हा मुलाने दिलेला छोटा कॅमेरा पिशवीत असतो. हिवाळ्यात ओहोटी लागली की चिखलात कर्ल्यू उतरतात. कोंबडीएवढा तपकिरी पक्षी, चोच मात्र विळ्यासारखी वळलेली आणि भलतीच लांब.

मागच्या हिवाळ्यात त्यांच्यात एक जरा लहान पक्षी दिसला. वाटलं, काहीतरी दुर्मीळ गवसलं! घाईघाईने फोटो काढून नातवाला पाठवला. त्याचा पहिला प्रश्न, "आजी, कधीचा हा?" फोटोवर तारीख होती १ जानेवारी २०००! बॅटरी बदलल्यावर तारीख लावायची मी विसरले होते. बत्तीस वर्षं मुलांना सांगितलं की बखरीपेक्षा तारीख घातलेलं पत्र मोलाचं, आणि माझाच कागद बिनतारखेचा!

डोक्यावरच्या पट्ट्यांवरून तो व्हिंब्रेल निघाला. तसा नेहमीचाच पाहुणा. पण त्याच्यासाठी पुस्तकं चाळताना त्यांच्या भावकीतल्या बारीक चोचीच्या कर्ल्यूची कहाणी हाती लागली, आणि ती मनातून जाईना.

हा पक्षी हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या आसपास उतरायचा. एकोणिसाव्या शतकात तिकडे त्याचं फारसं अप्रूप नव्हतं. त्याची घरटी मात्र एकाच माणसाने नोंदवली. उशाकोव्ह यांनी, सायबेरियातल्या तारा गावाजवळ, १९०९ ते १९२५ या काळात. पुढे कुणालाच घरटं सापडलं नाही. शिकार होत राहिली, गवताळ माळ नांगराखाली गेले, पाणथळी आटवल्या गेल्या. शेवटी मोरोक्कोच्या मेर्जा झेर्गा या खाजणात दर हिवाळ्यात मोजकेच पक्षी दिसत. फेब्रुवारी १९९५ मध्ये तिथे एकाचे फोटो निघाले. तीच शेवटची खात्रीची नोंद. नंतर देशोदेशी शोध झाला. २०२४ मध्ये अभ्यासकांनी संग्रहालयांतल्या जुन्या नमुन्यांच्या आणि लोकांनी पाहिल्याच्या तारखा एकत्र मांडून हिशेब केला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तो अधिकृतपणे नामशेष ठरला.

ज्याने पेंढा भरलेल्या पक्ष्याच्या पायाला तारीख-गावाची चिठ्ठी बांधली, त्याला ती शंभर वर्षांनी कशाला लागेल हे कुठे ठाऊक होतं? मोरोक्कोत कॅमेरा रोखणाऱ्यालाही आपण शेवटचा फोटो काढतोय हे कळलं नसणार. इतिहासात शेवटचं पान लिहिताना ते शेवटचं आहे हे कुणालाच कळत नाही.

आपल्याकडे येणारा कर्ल्यूही जगात कमी होत चाललाय म्हणतात. म्हणून आता दुर्मीळ पक्ष्याची वाट बघत नाही. रोज दिसतो त्याचाच फोटो काढते. कॅमेऱ्याची तारीख नातवाने लावून दिली आहे, तरी माझा भरवसा नाही. घरी आल्यावर वहीत लिहून ठेवते: भाट्ये खाडी, वार, तारीख, ओहोटीची वेळ, कर्ल्यू चार.

तुम्हीही आपापल्या खाडीचं, तळ्याचं लिहून ठेवा मंडळी. आणि हो, आधी कॅमेऱ्याची तारीख तपासा!