शनिवारी न लिहिलेला हिशेब

शनिवारी सकाळी ज्यूंच्या प्रार्थनागृहात, म्हणजे सिनेगॉगमध्ये, तोरा या धर्मग्रंथाचे वाचन सुरू असते. एकेकाला नाव घेऊन वर बोलावतात, आणि वर आलेला माणूस तिथेच उभ्या उभ्या देणगी बोलतो. कुणी आजारी बहिणीसाठी, कुणी नातू झाल्याच्या आनंदात. रक्कम सगळ्यांनी ऐकलेली असते, पण टिपून घ्यायला कुणीही लेखणी उचलत नाही. शब्बाथच्या, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या, दिवशी लिहिणे वर्ज्य, पैशाला हात लावणेही वर्ज्य. शनिवारचा सूर्य मावळून आकाशात तारे दिसेपर्यंत हा हिशेब लोकांच्या डोक्यातच राहतो.

डोक्यावर सगळा भार टाकणे बरे नाही, हे खजिनदारांना फार पूर्वीच कळले. म्हणून अमेरिका-युरोपातल्या अनेक सिनेगॉगांत आधीच छापून ठेवलेली कार्डे आली. प्रत्येक सभासदाच्या नावाचे एक कार्ड, त्याच्या कडेला रकमांचे आकडे. देणाऱ्याने आपल्या आकड्याची कड दुमडायची किंवा त्याच्यावर क्लिप अडकवायची. शाईचा एक थेंब न लागता नोंद होते आणि शनिवारी रात्री ती वहीत उतरते. आज याच कामासाठी संगणकावरची सॉफ्टवेअर विकली जातात. ‘शूलक्लाउड’ या अमेरिकी सॉफ्टवेअरच्या नावातला ‘शूल’ हा सिनेगॉगसाठीचा यिद्दिश शब्द. ‘चॅव्हरवेअर’मधला ‘चॅव्हर’ म्हणजे हिब्रूत सभासद, सोबती. कोणते घ्यावे, यावर समित्यांच्या बैठका होतात. त्या बैठकांतले जवळजवळ सगळे प्रश्न मात्र संगणकाहून शेकडो वर्षांनी जुने आहेत.

या जुनेपणाचा सर्वात मोठा पुरावा कैरोत सापडला. जुन्या कैरोतल्या, म्हणजे फुस्तातच्या बेन एझ्रा सिनेगॉगमध्ये एक कोठी होती. देवाचे नाव लिहिलेला कागद फेकायचा नाही, या भावनेने तिथे शतकानुशतके कागद साठत गेले. सॉलोमन शेश्टर या केंब्रिजच्या विद्वानाने १८९६-९७ च्या हिवाळ्यात त्यातले सुमारे १,९३,००० तुकडे इंग्लंडला नेले. धर्मग्रंथांच्या पानांबरोबर त्यांत व्यापाऱ्यांची पत्रे होती, मंगळूरला राहून व्यापार करणाऱ्या अब्राहम बेन यिजूचीसुद्धा. आणि होती सिनेगॉगच्या जमाखर्चाची चिठोरी. एस. डी. गोइटाइन यांनी आयुष्यभर हे कागद वाचून ‘अ मेडिटरेनियन सोसायटी’ हा पाच खंडांचा ग्रंथ लिहिला, तेव्हा या चिठोऱ्यांचे मोल जगाला कळले.

आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, गरिबांना भाकरी वाटली जाई. कुणाला किती भाकऱ्या, याच्या याद्या नऊशे वर्षांनंतरही वाचता येतात. भाषा अरबी, अक्षरे हिब्रू. एखाद्या ओळीत नुसतीच ‘अमक्याची विधवा’, पुढच्या ओळीत दूरच्या मुलुखातून आलेला परका, तिसरीत एखादा आंधळा. धर्मादाय घरांची भाडी किती आली, दुरुस्तीला किती लागले, दिव्याच्या तेलावर किती गेले, हेही तिथे आहे. आज सॉफ्टवेअर विकणारा पडद्यावर जे रकाने दाखवतो, ते फुस्तातच्या कारकुनाने एका चिठोऱ्यावर बसवले होते.

या कागदांत दिसणाऱ्या ज्यू समाजांचा स्थानिक पुढारी ‘मुकद्दम’ म्हणवला जाई, आणि इथे मराठी वाचकाचे कान टवकारायला हवेत. कोकणातल्या बेने इस्रायल या ज्यू समाजाच्या सिनेगॉगचा प्रमुखही मुकादमच. अरबी शब्द फारसीतून मराठीत आला, गावगाड्यात रुजला आणि ‘शनिवार तेली’ म्हणवल्या जाणाऱ्या या समाजाच्या प्रार्थनागृहात जाऊन बसला. त्याच्या जोडीला चौगुला, हा तर पाटलाचा मदतनीस. खजिनदार ‘गबाई’, प्रार्थना चालवणारा ‘हजान’ आणि देखरेख करणारा ‘शमाश’ ही नावे हिब्रूतली. अर्धी नावे यरुशलेमच्या वाटेची, अर्धी अलिबाग-पेणच्या चावडीवरची! बेने इस्रायलांनी आपल्या सिनेगॉगचा कारभार कोकणातल्या खेड्याच्या कारभाराच्या वळणावर बसवला, हे सांगायला ही पदांची यादी पुरे आहे.

मुंबईतले त्यांचे पहिले सिनेगॉग मांडवी भागात १७९६ मध्ये उभे राहिले. बांधणारे सॅम्युएल एझिकिएल दिवेकर इंग्रजांच्या फौजेत अधिकारी होते. टिपूच्या कैदेतून जिवंत सुटल्याची कृतज्ञता म्हणून त्यांनी ते बांधले, असे परंपरा सांगते. त्याचे नाव ‘शआर हारहमीम’, म्हणजे दयेचे द्वार. बेने इस्रायल बोलताना सिनेगॉगला मशीदच म्हणत आले. जवळच्या मस्जिद स्थानकाचे नाव याच ‘जुन्या मशिदी’वरून पडले, असे मानतात. पुढे रेवदंडा, अलिबाग, पनवेल, ठाणे अशी कोकणपट्टीभर सिनेगॉगे झाली.

हे दिवेकर आपल्या माणसांत ‘समाजी हसाजी’ होते. सॅम्युएलचा समाजी, एझिकिएलचा हसाजी, अब्राहमचा अबाजी. तोरेच्या वाचनाला बोलावताना मात्र यांतले काहीच चालत नाही. तिथे हिब्रू नाव आणि बापाचे हिब्रू नाव लागते, ‘अमक्याचा पुत्र अमका’. आजाऱ्यासाठी प्रार्थना करताना पुन्हा नियम बदलतो. तिथे आईचे नाव घेतात. म्हणजे एका माणसामागे पारपत्रावरचे नाव, घरातले नाव, हिब्रू नाव, बापाचे नाव आणि आईचे नाव. ‘नाव’ आणि ‘आडनाव’ एवढ्या दोनच चौकटींचे तयार सॉफ्टवेअर इथे पहिल्या पानावरच अडते. सिनेगॉगसाठी वेगळी प्रणाली का लागते, याचे पहिले उत्तर हे. त्या प्रणालींत कोहेन आणि लेवी या पुरोहित वंशांसाठीही रकाना असतो, कारण वाचनाचा पहिला मान कोहेनचा आणि दुसरा लेवीचा. बेने इस्रायलांत परंपरेने हे दोन्ही वंश नाहीत. कोकणच्या वहीत तो रकाना कोराच राहिला असता.

दुसरे उत्तर पंचांगात आहे, आणि ते मराठी घराला समजावून सांगावे लागत नाही. श्राद्ध तारखेने करत नाहीत, तिथीने करतात. ज्यू माणूसही आईबापांचा स्मृतिदिन हिब्रू तिथीने पाळतो, दिवा लावतो आणि दहा जणांच्या मेळ्यात कद्दीश ही प्रार्थना म्हणतो. हे पंचांगही चांद्र-सौर आहे. १९ वर्षांत ७ वेळा एक महिना वाढतो आणि अदार महिना दोनदा येतो. अशा वर्षी साध्या वर्षातल्या अदारात गेलेल्या माणसाचा दिवस कोणत्या अदारात पाळायचा? ‘शुल्हान आरुख’ या धर्मसंहितेत दुसरा अदार सांगितला आहे. पोलंडचे रब्बी मोशे इसरलेस यांनी पहिला सांगितला. म्हणून सेफार्दी (मूळच्या स्पेनकडच्या) आणि अश्कनाझी (मध्य व पूर्व युरोपातल्या) ज्यूंची रीत वेगळी. हेश्वान आणि किस्लेव हे महिने कधी २९ दिवसांचे, कधी ३० चे, त्यामुळे तिसाव्या दिवशी गेलेल्याची तिथी काही वर्षे पंचांगातच नसते. शिवाय दिवस सूर्यास्तापासून बदलतो. संध्याकाळी चारला गेलेला आणि रात्री आठला गेलेला, दोघांची इंग्रजी तारीख एक, पण हिब्रू तिथी दोन. नोंदणीच्या अर्जात ‘सूर्यास्तापूर्वी की नंतर’ हा प्रश्न नसेल, तर ती नोंद कायमची एक दिवस चुकू शकते.

पूर्वी हे सारे शमाश किंवा गबाई पंचांग उघडून करत. अनेक अमेरिकी सिनेगॉगांत भिंतीवर दिवंगतांच्या नावांच्या पितळी पट्ट्या असतात, प्रत्येक नावाशेजारी एक लहानसा दिवा. ज्याचा स्मृतिदिन त्या आठवड्यात, त्याचा दिवा लावायचा. हे गणित संगणकाला शिकवण्याचे काम एडवर्ड रिंगोल्ड आणि नाखुम डर्शोविट्झ या दोन संगणकशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात नेटके मांडले. रिंगोल्ड यांनी ‘ईमॅक्स’ या मोफत मजकूर-संपादन प्रणालीसाठी लिहिलेल्या कॅलेंडरात हिब्रू स्मृतिदिन काढण्याची सोयही होती. आज ‘हेबकॅल’सारखी साधने ते सगळ्यांना फुकट देतात. हा भाग आता सुटलेला आहे. कोणत्याही प्रणालीची परीक्षा घ्यायची झाली, तर अदारातली एक नोंद टाकून २०२७ सालची तिथी विचारावी. त्या वर्षी दोन अदार आहेत.

पैशाच्या बाबतीत जुने शहाणपण आजच्या हिशेबतपासनिसालाही पटेल. मिश्ना या प्राचीन ज्यू नियमसंग्रहातल्या नियमाप्रमाणे दानपेटीची वसुली दोघांनी मिळून करायची आणि वाटप तिघांनी. एकट्याच्या हाती पैसा नको आणि कुणाला किती द्यायचे हा निवाडाही एकट्याचा नको. सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्या माणसाच्या मंजुरीशिवाय रक्कम निघत नाही, ही सोय त्याच नियमाची वारस आहे. शब्बाथचा प्रश्न इथेही येतोच. न्यूयॉर्कचे ‘बी अँड एच’ हे कॅमेऱ्यांचे प्रसिद्ध दुकान शब्बाथला इंटरनेटवरही मागणी घेत नाही. मग सिनेगॉगचे देणगीचे पान शनिवारी उघडे असावे का, हे समितीने आधी ठरवायला हवे.

सर्वात जड प्रश्न मात्र वेगळाच आहे. ही यादी कोण पाहणार?

सप्टेंबर १९४३ मध्ये जर्मन सैन्याने व्हेनिस ताब्यात घेतले. तिथल्या ज्यू समाजाचे अध्यक्ष होते ज्युसेप्पे योना, वृद्ध आणि नामांकित डॉक्टर. त्यांच्याकडे समाजाच्या सभासदांची यादी मागण्यात आली. योनांनी यादी दिली नाही. हाताशी असलेले कागद नष्ट करून त्यांनी १७ सप्टेंबरला स्वतःचा जीव दिला. त्याच महिन्यात रोममध्ये जर्मनांनी समाजाच्या कचेरीतून नोंदी उचलून नेल्या आणि १६ ऑक्टोबरला तिथे धरपकड झाली. हजाराहून अधिक माणसे आउश्वित्झला पाठवली गेली. विदा कुठल्या देशातल्या संगणकावर राहील आणि पासवर्ड किती जणांकडे असतील, असे आज एखादा म्हातारा सभासद पुन्हा पुन्हा विचारत असेल, तर समितीने घड्याळाकडे पाहू नये. त्याला पूर्ण उत्तर द्यावे.

नोंद नसण्याचेही दुःख असते, आणि ते बेने इस्रायलांनी भोगले आहे. १९४८ नंतर त्यांच्यातले बहुसंख्य इस्रायलला गेले. लोद, अश्दोद, दिमोना, बेरशेबा इथे त्यांनी घरे केली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या मुख्य रब्बींच्या आदेशामुळे त्यांच्या विवाहांच्या वेळी आजे-पणज्यांपर्यंतची वंशावळ तपासली जाऊ लागली. शेकडो वर्षे शब्बाथ पाळलेल्या माणसांना आपण ज्यू असल्याचे सिद्ध करा, असे सांगणे हा अन्याय होता. आंदोलने झाली, आणि १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने, क्नेसेतने, बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले. ज्यांच्यावर संशय घेतला, त्यांची कुळे कोकणातल्या गावांच्या नावांत होती: दिवे, पेण, नवगाव, किहीम. किहीमच्याच कुळातल्या हाइम सॅम्युएल किहीमकरांनी १८९७ मध्ये आपल्या समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहून ठेवला होता. तो तेल अवीवला १९३७ मध्ये, चाळीस वर्षांनी, छापला गेला.

आज कोकणातली आणि मुंबईतली अनेक सिनेगॉगे मोजक्या घरांच्या बळावर उभी आहेत. त्यांची जन्म-विवाह-मृत्यूची आणि देणग्यांची जुनी चोपडी कुणाच्या कपाटात असतील, कुणाच्या माळ्यावर. नवी प्रणाली येईल, त्यांतली नावे तिच्यात उतरवली जातील, पण म्हणून ती चोपडी रद्दीत जाऊ देऊ नका. प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्या. ‘समाजी’ला ‘सॅम्युएल’ करून मोकळे होऊ नका, दोन्ही नावे ठेवा. आणि अलिबाग, पनवेल, ठाणे किंवा थेट दिमोनात ज्यांच्या घरी असे एखादे पान असेल, त्यांनी ते आपल्या सिनेगॉगच्या मुकादमाला नेऊन दाखवावे.