बॅबेज आणि त्याचा कारागीर

यंत्रांचा छंद असलेल्या एखाद्या माणसाला आपल्या कल्पनेंतील एक लहानसें पितळी चाक करून हवें असतें. कागदावर आकृति तयार असते, खिशांत थोडेबहुत पैसेहि असतात; पण तें चाक अचूक कातून देणारा कोण, हें कांहीं केल्या समजत नाहीं. मोठा कारखाना एका नगासाठीं आपलें यंत्र अडवीत नाहीं. लहान कारागीर दर सांगण्यापूर्वीं 'नग किती?' असें विचारतो. ही अडचण नवी नव्हे. सुमारें दोनशें वर्षांपूर्वीं लंडन शहरांतील एका सधन गणितज्ञास तिनें गांठलें, आणि तींत त्याच्या उमेदीचीं वर्षें खर्चीं पडलीं. ती हकीकत आज सांगावयाची आहे.

चार्ल्स बॅबेज हा एका पेढीवाल्याचा मुलगा. त्याचा जन्म इ. स. १७९१ मधला. इ. स. १८२१ मध्यें तो व त्याचा मित्र जॉन हर्शेल खगोलशास्त्राचीं कोष्टकें ताडून पाहत बसले असतां चुकांमागून चुका निघूं लागल्या. तेव्हां हीं गणितें वाफेच्या शक्तीनें करतां आलीं तर किती बरें होईल, असें बॅबेज वैतागून बोलून गेला. लॉगरिथमचें पुस्तक ज्यांनीं शाळेंत हाताळलें आहे, त्यांना हा वैताग समजेल. त्यांतील एखादा आंकडा चुकला तर विद्यार्थ्याचे दोन गुण जातात. त्या काळीं दर्यावर्दी माणसाचें जहाजच खडकावर जाऊं शके.

बॅबेजची युक्ति साधी होती. १, ४, ९, १६, २५ या वर्गसंख्या घ्या. लागोपाठच्या दोहोंतील अंतरें ३, ५, ७, ९ अशीं येतात, आणि त्या अंतरांमधील अंतर सदैव २ च राहतें. म्हणजे केवळ बेरजा करीत गेलें कीं पुढची प्रत्येक वर्गसंख्या हातीं येते. आणि बेरीज दाते असलेल्या चाकांकडून करून घेतां येते. इ. स. १८२२ मध्यें त्यानें एक लहान नमुना सिद्ध केला. पुढच्याच वर्षीं सरकारनें दीड हजार पौंड मंजूर केले. आतां प्रश्न उरला तो कारागिराचा. सगळ्या यंत्राला सुमारें पंचवीस हजार सुटे भाग लागणार होते, आणि एकाच तऱ्हेचीं शेंकडों चाकें एकमेकांशीं तंतोतंत जुळावयास हवीं होतीं. त्या काळीं ज्याची कानस ज्याच्या हातीं बसलेली, त्याचें माप त्याच्यापाशीं, असा प्रकार होता. एका कारखान्याचा बोल्ट दुसऱ्याच्या नटांत बसत नसे.

थेम्स नदीखालून बोगदा खणणारा प्रसिद्ध इंजिनिअर मार्क ब्रुनेल यानें जोसेफ क्लेमंटचें नांव सुचविलें. हा वेस्टमोरलंडमधील एका विणकराचा मुलगा. लहानपणीं त्यानें मागावर काम केलें, पुढें घरें शाकारण्याचें केलें. नंतर लंडनला येऊन ब्रामा व मॉडस्ले या नामांकित यंत्रकारांच्या हाताखालीं तो तयार झाला. त्याची रेखाटनें अप्रतिम असत. धातूचा पृष्ठभाग रंधून सपाट करणारें एक मोठें यंत्र त्यानें स्वतः बनविलें होतें, आणि आसपासचे कारखानदार आपले जॉब त्यावर करून घेण्यासाठीं त्याच्याकडे येत.

या क्लेमंटचा स्वभाव सॅम्युएल स्माइल्सनें लिहिलेल्या एका गोष्टीवरून कळतो. अमेरिकेंतील एका गृहस्थानें एक मोठा स्क्रू 'होईल तितका उत्तम' करून मागविला. क्लेमंटनें तो शब्दशः तसा केला. गिऱ्हाइकाची अपेक्षा फार तर वीस पौंडांची. बिल आलें कांहीं शें पौंडांचें. प्रकरण लवादापुढें गेलें आणि निकाल क्लेमंटच्या बाजूनें लागला. मला तो निकाल रास्त वाटतो. 'उत्तम' हा शब्द लिहितांना किंमत विचारावयाची राहिली, तर चूक लिहिणाऱ्याची.

बॅबेजनेंहि नेमकी तीच चूक मोठ्या प्रमाणावर केली. किती भाग, किती मुदतींत, किती दरानें, याचा पक्का करार झालाच नाहीं. शिवाय हीं चाकें कापण्यास आधीं नवीं हत्यारें घडवावीं लागलीं. त्यांचा खर्च गिऱ्हाइकानें द्यावयाचा. पण धंद्याच्या रिवाजाप्रमाणें हत्यारें मात्र कारागिराच्या मालकीचीं. बॅबेजला ही गोष्ट फार खुपली. इ. स. १८३२ च्या अखेरीस यंत्राचा सुमारें सातवा हिस्सा, दोन हजार भागांचा, जुळून तयार झाला, आणि तो बिनचूक चालला! परंतु तोंच बॅबेजच्या घराशेजारीं आगीपासून सुरक्षित असें नवें कामाचें ठिकाण बांधून झालें होतें. नदीपलीकडचा आपला चालता धंदा तिकडे हलविण्याबद्दल क्लेमंटनें सालीना ६६० पौंड मागितले. सरकारनें ते नाकारले. सरकारी पैसा येईपर्यंत पदरचे पैसे देण्यास बॅबेजनेंहि नकार दिला. मार्च १८३३ मध्यें क्लेमंटनें माणसें कामावरून काढलीं, आणि यंत्र थांबलें तें थांबलेंच. तोंपर्यंत सरकारचे १७,४७० पौंड खर्च झाले होते, इ. स. १८३१ मध्यें स्टीफन्सनच्या कारखान्यांतून अमेरिकेस गेलेल्या 'जॉन बुल' या आगगाडीच्या इंजिनाची किंमत ७८४ पौंड होती. इ. स. १८४२ मध्यें सरकारनें हात पूर्णच आंखडला. उरलेले हजारों भाग पुढें भंगारांत वितळविले गेले.

क्लेमंटला लोभी म्हणण्याची चाल आहे. मला तें पटत नाहीं. चालता धंदा, गिऱ्हाइकें आणि माणसें घेऊन एकाच लहरी धन्याच्या दारांत जाऊन बसावयाचें, त्याला मोल नको काय? आणि त्याच्या कारखान्यांत काम शिकलेला जोसेफ व्हिटवर्थ इ. स. १८३३ मध्यें मँचेस्टरला गेला. स्क्रूचे आटे सर्वत्र एकाच मापाचे असावेत ही योजना त्यानें इ. स. १८४१ मध्यें मांडली.

इकडे स्वीडनमध्यें गेऑर्ग शॉइट्झ नांवाच्या मुद्रकानें बॅबेजच्या यंत्राविषयीं एका नियतकालिकांत वाचलें. त्याचा मुलगा एडवर्ड यानें इ. स. १८३७ मध्यें, वयाच्या सोळाव्या वर्षीं, घरींच खटपट सुरू केली. नमुना इ. स. १८४३ मध्यें चालला, आणि मग स्टॉकहोममधील बेर्गस्ट्रमच्या कारखान्यानें इ. स. १८५३ मध्यें पुरें यंत्र बनवून दिलें. क्लेमंटच्या मानानें त्यांची कारागिरी खडबडीत होती. तरी यंत्र कोष्टकें छापी. बॅबेजनें या बापलेकांचें मोकळ्या मनानें कौतुक केलें, हें त्याच्याविषयीं सांगितलेंच पाहिजे.

बॅबेज इ. स. १८७१ मध्यें वारला. त्यानें मागाहून आंखलेलें दुसरें यंत्र लंडनच्या सायन्स म्युझियमनें त्याच्या द्विशताब्दीसाठीं इ. स. १९९१ मध्यें पुरें केलें. क्लेमंटच्या हातचीं चाकें प्रथम मोजून पाहिलीं, तों त्यांत फरक निघाला एक-दोन हजारांश इंचाचा. नव्या भागांनाहि तितकाच काटेकोरपणा पुरेसा धरला. चार हजार भाग अनेक लहान-मोठ्या कारखान्यांकडून कातून घेतले. काम घेतलेली कंपनी इ. स. १९९० मध्यें मध्येंच बुडाली. तेव्हां तिचे दोन इंजिनिअर संग्रहालयानें दुसऱ्याच दिवशीं आपल्या नोकरींत घेतले, आणि त्या दोघांनीं तें यंत्र प्रेक्षकांच्या देखत जुळविलें. त्याचा छपाईचा भाग इ. स. २००२ मध्यें पुरा झाला.