दुचाकीच्या सोयीचा इतिहास : पुणे, चेतक आणि विजेची मोटारसायकल

वाहनाची सोय जितकी त्याच्या यंत्रावर अवलंबून असते, तितकीच ती त्याच्या भोवतालच्या व्यवस्थेवर अवलंबून असते. इंधन किती अंतरावर मिळते, बिघाड झाल्यास तो कोण दुरुस्त करतो, गाडी रात्री कुठे उभी राहते आणि ती घेण्यासाठी लागणारा पैसा कुठून येतो, या प्रश्नांची उत्तरे मिळाल्याखेरीज उत्तमातले उत्तम यंत्रही सामान्य माणसाच्या उपयोगाचे ठरत नाही. पुणे शहराचा गेल्या सुमारे पासष्ट वर्षांचा इतिहास या विधानाची चांगली कसोटी घेतो, कारण स्कूटर, मोपेड, मोटारसायकल आणि आता विजेवर चालणारी दुचाकी ही सर्व वाहने या शहराच्या परिसरात बनवली गेली आणि याच शहराच्या रस्त्यांवर रोजच्या वापरात पारखली गेली. विजेची मोटारसायकल व्यवहार्य आहे की नाही, या आजच्या वादाचा निकाल लावताना हा इतिहास ध्यानात घेणे आवश्यक आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जात होते, आणि पेठांमध्ये घर, शाळा, कचेरी व मंडई ही सारी काही किलोमीटरांच्या आत असल्याने सायकल त्या जीवनक्रमाला पुरेशी होती. हे चित्र दोन कारणांनी बदलले. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यावर पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात कारखान्यांची रांग वाढत गेली, आणि कामगाराचे घर व त्याचे काम यांतील अंतर पायडलच्या आवाक्याबाहेर गेले. दुसरीकडे, १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून आलेल्या पुराने नदीकाठच्या जुन्या वस्त्या उद्ध्वस्त केल्या आणि पूरग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी शहराच्या कडेला नव्या वसाहती वसल्या. शहर असे पसरत असताना १९५० मध्ये सुरू झालेली महापालिकेची बससेवा, म्हणजे पीएमटी, त्या वाढीच्या मागेच राहिली, आणि स्वतःचे वाहन ही हौसेपेक्षा गरजेची बाब बनली.

ही गरज भागवणारा उद्योग याच सुमारास आकुर्डीला आकाराला येत होता. बजाज समूहाच्या कंपनीला १९५९ मध्ये दुचाकी व तीनचाकी वाहने बनवण्याचा सरकारी परवाना मिळाला, १९६० मध्ये इटलीच्या पियाजिओ कंपनीशी तांत्रिक सहकार्याचा करार झाला आणि त्यातून व्हेस्पा स्कूटर भारतात तयार होऊ लागली. कराराची मुदत १९७१ मध्ये संपल्यावर कंपनीने पुढच्याच वर्षी स्वतःच्या नावाने ‘चेतक’ ही स्कूटर बाजारात आणली, जिला महाराणा प्रतापांच्या घोड्याचे नाव देण्यात आले होते. त्या काळात किती गाड्या बनवायच्या हे सरकारी परवान्यावर ठरत असे, त्यामुळे मागणी कितीही वाढली तरी उत्पादन त्या प्रमाणात वाढवता येत नसे. परिणामी स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, ही प्रतीक्षा काही वेळा दहा वर्षांच्या घरात जाई, आणि ज्याचा नंबर लागे त्याला गाडी विकून वरचे पैसे मिळवता येत. एखादे वाहन लोकांना किती हवेसे वाटते आणि ते त्यांच्या हाती प्रत्यक्षात किती पोहोचते, या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हा या कालखंडाचा पहिला धडा होय.

चेतकचे इंजिन टू-स्ट्रोक पद्धतीचे होते, म्हणजे सिलिंडरमधील दट्ट्याच्या वर आणि खाली अशा दोनच हालचालींत इंधन आत घेणे, दाबणे, जाळणे आणि धूर बाहेर टाकणे हे सारे चक्र पूर्ण होत असे. या रचनेत भाग कमी असल्याने इंजिन स्वस्त आणि दुरुस्तीला सोपे होते, मात्र वंगणासाठी पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावे लागे आणि ताज्या मिश्रणाचा काही अंश न जळताच धुराबरोबर बाहेर पडे. गाडी सुरू होत नसेल तर तिला बाजूला कलती करून पुन्हा किक मारणे, प्लग काढून पुसणे, पेट्रोल संपत आल्यावर कॉक रिझर्व्हला लावणे ही कौशल्ये घराघरांत शिकली गेली, आणि जे घरी जमत नसे ते चौकातल्या गॅरेजमधला मेकॅनिक करून देत असे. पंक्चर झालेले चाक उतरवून मागची स्टेपनी चढवणे हेही त्यातलेच एक काम होते. चेतकला तीन दशके टिकवणाऱ्या या ज्ञानाची निर्मिती कोणत्याही कारखान्यात झाली नव्हती, ते समाजाने हळूहळू साठवले होते, आणि म्हणूनच नव्या वाहनाला ते तयार अवस्थेत मिळण्याची अपेक्षा करणे रास्त नाही.

ज्या १९७२ साली चेतक आली, त्याच साली फिरोदिया कुटुंबाच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने ‘लुना’ ही ५० सीसीची मोपेड आणली. मोपेड म्हणजे पायडल असलेले, हलके आणि छोट्या इंजिनाचे वाहन, जे सायकल आणि स्कूटर यांच्या मधली पायरी ठरले. ज्यांना स्कूटर परवडत नव्हती किंवा तिचे वजन पेलत नव्हते, अशा शिक्षक, कारकून, विद्यार्थी आणि विशेषतः स्त्रियांसाठी लुनाने रस्ता मोकळा केला. १९८४ मध्ये होंडाच्या सहकार्याने आलेल्या कायनेटिक होंडा स्कूटरने गिअर आणि किक या दोन्हींची सक्ती संपवली, बटण दाबून सुरू होणारी आणि केवळ अ‍ॅक्सिलरेटर पिळून चालणारी गाडी उपलब्ध करून दिली, आणि घरातील एकच गाडी वडील, मुलगी व सून अशा सर्वांना चालवता येऊ लागली. पुण्याच्या रस्त्यांवर दुचाकी चालवणाऱ्या स्त्रियांची जी मोठी संख्या दिसते, तिचा पाया या दोन वाहनांनी घातला. वाहनाची व्यवहार्यता मोजताना ते कोणाकोणाला चालवता येते हा निकष वेग आणि ताकद यांच्यापेक्षा कमी महत्त्वाचा नाही, हे येथे स्पष्ट होते.

मोटारसायकलीचा प्रवास मात्र वेगळ्या वाटेने झाला. १९५५ पासून मद्रासला बनू लागलेली एनफिल्ड बुलेट आणि १९६० च्या दशकात म्हैसूरला बनू लागलेली जावा या गाड्या दणकट होत्या, परंतु पेट्रोलच्या खर्चामुळे आणि किमतीमुळे त्या मर्यादित वर्गाकडेच राहिल्या. १९८० च्या दशकात सरकारने परदेशी सहकार्याला मोकळीक दिल्यावर जपानी तंत्राच्या १०० सीसी गाड्या आल्या, आणि १९८५ च्या हिरो होंडा सीडी १०० या गाडीने मोठा पालट घडवला. तिचे इंजिन फोर-स्ट्रोक होते, म्हणजे चक्राचे चार टप्पे दट्ट्याच्या चार स्वतंत्र हालचालींत होत असल्याने इंधन जवळपास पूर्ण जळत असे, आणि एका लिटरमध्ये ऐंशी किलोमीटरच्या आसपास अ‍ॅव्हरेजचा दावा करता येत असे. मोठी चाके खडबडीत रस्त्यावर स्थिर राहत, टाकी एकदा भरली की आठवडा निघे, आणि म्हणून दुधाचे कॅन, खताची पोती किंवा पाठीमागे दोन माणसे घेऊन तालुक्याला जाणाऱ्या शेतकऱ्यासाठी मोटारसायकल हेच कुटुंबाचे वाहन झाले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस देशातील विक्रीत मोटारसायकलींनी स्कूटरना मागे टाकले, २००१ मध्ये चाकणच्या कारखान्यातून पल्सर बाहेर पडली, आणि २००९ च्या अखेरीस बजाजने स्कूटर बनवणे थांबवण्याचा निर्णय जाहीर केला.

या यशाची किंमत शहराने हवेच्या रूपाने मोजली. गेल्या दशकात पुण्यातील नोंदणीकृत वाहनांची संख्या शहराच्या लोकसंख्येच्या बरोबरीला येऊन पोहोचली, आणि त्यांत बहुसंख्य वाहने दुचाकी होती. २००० पासून भारत स्टेज नावाने ओळखले जाणारे उत्सर्जनाचे नियम टप्प्याटप्प्याने कडक होत गेले आणि एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज सहा लागू झाल्यावर दुचाकींमध्येही इंधनाचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण सार्वत्रिक झाले. गाड्या स्वच्छ झाल्या, महागही झाल्या, आणि विजेच्या दुचाकीसाठी अनुकूल परिस्थिती तयार झाली.

विजेवर दुचाकी चालवण्याची कल्पना मात्र पेट्रोलच्या दुचाकीइतकीच जुनी आहे. जर्मनीत डाइमलर आणि मायबाख यांनी १८८५ मध्ये पेट्रोलवर चालणारी पहिली दुचाकी बनवली, तर अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन यांनी १८९५ मध्ये मागच्या चाकातच मोटर बसवलेल्या सायकलचे पेटंट मिळवले. अडचण मोटरची नव्हती, साठवणुकीची होती. शिसे आणि आम्ल यांची जुनी बॅटरी फार जड असे आणि काही वर्षांत निकामी होई. १९९१ मध्ये बाजारात आलेल्या लिथियम-आयन बॅटरीने त्याच वजनात कितीतरी अधिक वीज साठवणे शक्य केले, आणि पुढील दोन दशकांत तिची किंमत उतरत गेल्यावर दुचाकीचा विचार नव्याने सुरू झाला. २००९ मध्ये आइल ऑफ मॅन या बेटावरील सुमारे ६० किलोमीटरच्या प्रसिद्ध डोंगरी मार्गावर केवळ विजेच्या मोटारसायकलींची शर्यत प्रथमच झाली, आणि तिच्यात पुण्याच्या टॉर्क या तरुण संघाची गाडीही धावली. पुढे याच टॉर्क कंपनीने जानेवारी २०२२ मध्ये ‘क्रेटॉस’ ही मोटारसायकल विक्रीस आणली. तत्पूर्वी २०१९ मध्ये रिव्होल्टची आरव्ही ४०० ही गाडी सुरुवातीच्या टप्प्यात दिल्ली आणि पुणे या दोन शहरांत उपलब्ध झाली होती, आणि जानेवारी २०२० मध्ये बजाजने चेतक हे नाव विजेच्या स्कूटरच्या रूपाने पुन्हा रस्त्यावर आणले. फेब्रुवारी २०२४ मध्ये लुनाही विजेवर परतली.

येथे स्कूटर आणि मोटारसायकल यांच्यातील फरक निर्णायक ठरतो, आणि त्याचे मूळ साध्या हिशेबात आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे नऊ युनिट ऊर्जा असते, युनिट म्हणजे वीजबिलावर मोजला जाणारा किलोवॅट-तास. पेट्रोलचे इंजिन तिच्यातील तीन चतुर्थांशाहून अधिक उष्णतेत घालवते, तर विजेची मोटर मिळालेल्या विजेचा बहुतांश भाग चाकापर्यंत पोहोचवते, त्यामुळे विजेच्या दुचाकीला शंभर किलोमीटरला तीन ते चार युनिट पुरतात. खर्चाच्या दृष्टीने हा मोठा लाभ आहे. रोज तीस किलोमीटर फिरणाऱ्या शहरी स्कूटरला तीन युनिटांची बॅटरी दोन-तीन दिवस चालते, आणि तिचे वजन गाडीला पेलते. परंतु दहा लिटरची टाकी भरून पाचशे किलोमीटर जाणाऱ्या साध्या मोटारसायकलीची बरोबरी करायची, तर वीस युनिटांच्या आसपास क्षमतेची बॅटरी लागेल, जिचे वजन आजच्या तंत्रानुसार शंभर किलोहून अधिक भरेल, म्हणजे ते संपूर्ण १०० सीसी मोटारसायकलीइतके होईल, आणि किंमत तिच्या कितीतरी पुढे जाईल. त्यात हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून शहरात शंभर किलोमीटर जाणारी गाडी सातारा रस्त्यावर ताशी ऐंशीच्या वेगाने तेवढे अंतर गाठू शकत नाही.

कंपनी सांगते ते अंतर आणि प्रत्यक्षात मिळणारे अंतर यांतील तफावतीचा उलगडाही यातूनच होतो. १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय, म्हणजे भारतीय वाहन संशोधन संघटना, पुण्यातच आहे, आणि तिच्या प्रयोगशाळेत रोलरवर गाडी ठरावीक वेगाच्या ठरावीक क्रमाने चालवून तिची पल्ल्याची चाचणी घेतली जाते. आरव्ही ४०० चा प्रमाणित पल्ला १५६ किलोमीटर होता, मात्र तिच्या सर्वांत वेगवान अवस्थेत तो ऐंशीच्या आसपास असल्याचे कंपनीनेच सांगितले होते. प्रमाणपत्रावरचा आकडा खोटा नसतो, पण तो विशिष्ट परिस्थितीचा असतो, आणि हे ग्राहकाला विक्रीच्या वेळीच स्पष्ट सांगणे हे विक्रेत्याचे कर्तव्य मानले पाहिजे.

चेतकच्या काळात नंबर लागण्याची जी अडचण होती, तिची जागा आता चार्जिंगने घेतली आहे. बंगल्यात किंवा गावातील घरात राहणाऱ्याला अंगणातला प्लग पुरतो, परंतु पुण्यातील बहुसंख्य कुटुंबे गृहनिर्माण सोसायट्यांत राहतात, जिथे सामायिक पार्किंगमध्ये मीटर घेण्यासाठी इतर सभासदांची संमती मिळवावी लागते. काढून घरात नेता येणारी बॅटरी किंवा संपलेली बॅटरी देऊन भरलेली घेण्याची केंद्रे हे यावरचे दोन उपाय आहेत, आणि दोन्हींसाठी निरनिराळ्या कंपन्यांच्या वस्तू एकमेकींना जुळणे गरजेचे आहे. भारतीय मानक ब्युरोने २०२३ मध्ये हलक्या वाहनांच्या चार्जिंग जोडणीसाठी देशी मानक जाहीर केले, हे त्या दिशेने टाकलेले महत्त्वाचे पाऊल होय.

किमतीचा प्रश्न सरकारी अनुदानाने काही काळ झाकला गेला. २०१५ मध्ये सुरू झालेल्या फेम योजनेचा दुसरा टप्पा एप्रिल २०१९ पासून दहा हजार कोटी रुपयांच्या तरतुदीने अमलात आला, जून २०२१ मध्ये दुचाकीसाठीचे अनुदान बॅटरीच्या दर युनिट क्षमतेमागे १५,००० रुपये करण्यात आले, आणि जून २०२३ मध्ये ते १०,००० रुपयांवर आणताच विक्री एका महिन्यात निम्म्याहून खाली आली. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात काही विजेच्या स्कूटरना आगी लागल्यानंतर बॅटरीच्या सुरक्षिततेच्या चाचण्या अधिक कठोर करण्यात आल्या, आणि त्या टप्प्याटप्प्याने डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ पासून लागू झाल्या. या चढउतारांनंतरही २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात विकल्या गेलेल्या दुचाकींपैकी सुमारे सहा टक्के विजेच्या होत्या, मात्र त्यांत स्कूटर जवळजवळ सर्व होत्या आणि मोटारसायकली अगदी थोड्या.

या सर्व इतिहासातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. शहरातल्या रोजच्या फेऱ्यांसाठी विजेची स्कूटर आजच व्यवहार्य आहे, आणि ज्या शहराची हवा दुचाकींच्या धुराने बिघडली त्या पुण्यासाठी ती हिताची आहे. विजेची मोटारसायकल मात्र ज्या ग्रामीण ग्राहकाच्या बळावर पेट्रोलची मोटारसायकल मोठी झाली, त्याच्यापर्यंत अद्याप पोहोचलेली नाही, कारण त्याला हवा असलेला पल्ला, भार आणि किंमत या तिन्ही गोष्टी एकत्र देणारी बॅटरी अजून उपलब्ध नाही. ती उपलब्ध होईपर्यंतचा काळ वाया जाऊ नये यासाठी तालुक्याच्या गॅरेजमधील मेकॅनिकला मोटर, कंट्रोलर आणि बॅटरीची दुरुस्ती शिकवणे, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये हा विषय सर्वत्र पोहोचवणे आणि बॅटरीची हमी लांब मुदतीची व तपासता येण्याजोगी करणे ही कामे आजच हाती घेण्यासारखी आहेत. चेतक आणि लुना यांना लोकांनी आपलेसे केले ते त्यांच्याभोवती पंप, गॅरेज, सुटे भाग आणि शिकवणारे हात उभे राहिले म्हणून, आणि विजेच्या मोटारसायकलीसाठी हीच व्यवस्था प्रथम गावात उभी करणे हे उद्योगाचे व शासनाचे आजचे खरे काम आहे.