भिंतीमागचं पाणी

मंडळी, तत्त्वज्ञान शिकवण्यात आमची चौतीस वर्षं गेली आणि आज आम्ही बोलणार आहोत रिटेनिंग वॉलवर, म्हणजे आपल्याकडे जिला संरक्षक भिंत म्हणतात तिच्यावर. संयोजकांनी विषय ऐकला तेव्हा ते क्षणभर गप्पच झाले. पण या भिंतीने आम्हाला जेवढं नीतिशास्त्र शिकवलं, तेवढं पुस्तकांनी शिकवलं की नाही, शंका आहे. तेव्हा ऐकून घ्या. मध्ये आकडे येतील, कंटाळू नका.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही तीन गावं आपण लोकलच्या खिडकीतून एकाच ओळीत बघतो, पण तिन्हींची जमीन वेगळी. उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधी निर्वासित त्या बराकींत आले आणि १९४९ साली राजगोपालाचारींच्या हस्ते वसाहतीचा पाया घातला गेला. जमीन बरीचशी सपाट, त्यामुळे तिथे भिंतीचा प्रश्न येतो तो वालधुनीच्या काठाला. अंबरनाथला चढउतार सुरू होतात. आणि बदलापूरला, विशेषतः पूर्वेला, डोंगराची पायरी कापल्याशिवाय इमारत उभीच राहत नाही. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूर लाखाच्या आत होतं, २०११ ला पावणेदोन लाखांच्या आसपास गेलं. एवढी माणसं दहा वर्षांत आली म्हणजे किती उतार कापले गेले असतील, याचा अंदाज करा. उतार कापला की मागे मातीचा कडा उरतो, आणि कडा धरायला भिंत लागते.

आता जरा मागे जाऊ. अंबरनाथचं शिवमंदिर आपण सगळ्यांनी पाहिलंय. शके ९८२ चा शिलालेख, म्हणजे इसवी सन १०६०, शिलाहार राजा मुम्मुणीचा काळ. काळ्या दगडाचं काम, शेजारी वालधुनी, आणि गाभारा असा की पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. जवळजवळ हजार वर्षं ते उभं आहे ते दगडाच्या वजनावर. दगडावर दगड, वरचा खालच्याला दाबतो, आणि त्या दाबातच स्थैर्य. भिंतीची सगळ्यात जुनी कल्पना हीच: जड व्हा, म्हणजे कोणी ढकलणार नाही.

त्याहून साधी भिंत आपल्या शेताच्या बांधाला दिसते. उताराच्या शेतात माती वाहून जाऊ नये म्हणून शेतकरी दगड रचून ताल घालतो. कोकणात खाली गेलात की गडगा दिसतो. चुना नाही, सिमेंट नाही, नुसते दगड एकमेकांत बसवलेले. पाऊस पडला की त्या फटींतून पाणी झिरपतं, माती मागे राहते, पाणी पुढे जातं. फटी ठेवायला वेगळे पैसे पडत नाहीत, त्या बांधण्याच्या पद्धतीतच आहेत. हा मुद्दा लक्षात ठेवा, आम्ही त्याच्याकडे परत येणार आहोत.

मग आली आगगाडी. १८५६ साली कल्याणहून पळसदरीपर्यंत रूळ पोहोचले, आपल्या गावांवरूनच. पुढे बोरघाट. जेम्स बर्कली मुख्य अभियंता. घाटाचा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याच्या पत्नीने, ॲलिस ट्रेडवेलने, ते कंत्राट पुढे चालवून पुरं करवून घेतलं, आणि १८६३ ला घाट उघडला. आता घाटातली रेल्वे म्हणजे काय? एका बाजूला डोंगर कापायचा, दुसऱ्या बाजूला भराव घालायचा, आणि दोन्हीकडे भिंती. पण १८६७ च्या पावसाळ्यात त्याच घाटातला म्हऊ की मल्लीचा पूल कोसळला आणि बोट गेलं ते दगडकामाच्या दर्जाकडे. चार वर्षं उभं राहिलेलं बांधकाम पावसाळ्यात जातं, ही गोष्ट आपल्याकडे इतकी जुनी आहे.

योगायोग बघा. त्याच काळात, १८५७ ला, ग्लासगोचे प्राध्यापक रँकिन यांनी सुट्या मातीच्या स्थैर्यावरचा निबंध छापला. मातीचा रेटा किती, याचं सूत्र त्यात आहे आणि आजही इंजिनिअरिंगची मुलं ते घोकतात. त्याच्या आधी कूलाँब. विजेच्या नियमामुळे आपण त्याला ओळखतो, पण हा माणूस मुळात फ्रेंच लष्करी अभियंता. मार्टिनिक बेटावर किल्ला बांधताना त्याची आठ-नऊ वर्षं आणि प्रकृती दोन्ही खर्ची पडली. तिथून परतल्यावर १७७३ साली पॅरिसच्या अकादमीपुढे त्याने निबंध वाचला. भिंत किती जाड हवी, हा त्याचा प्रश्न. अधिक जाड केली तर पैसा जातो, कमी केली तर भिंत जाते. अंदाजपत्रकाच्या काळजीतून शास्त्र जन्मतं ते असं. पुढे १९२५ ला टेर्झागी यांचा ग्रंथ आला आणि एक गोष्ट पक्की झाली: मातीचा दाब आणि मातीतल्या पाण्याचा दाब हे दोन वेगळे हिशेब आहेत, ते वेगळे मांडा.

वेगळे का मांडायचे? आकडाच सांगतो. तीन मीटर उंचीची भिंत घ्या, मागे साधा मुरूम. कोरड्या मातीचा रेटा भिंतीच्या दर मीटर लांबीला सुमारे पावणेतीन टन. तीच माती वरपर्यंत पाण्याने भरली आणि पाण्याला वाट नसली तर रेटा जवळजवळ सहा टन. माती तीच, भिंत तीच, फक्त पाऊस पडला. दुपटीहून जास्त. आपण म्हणतो मातीने भिंत पाडली. बहुतेक वेळा ती पाण्याने पाडलेली असते.

दुसरा आकडा उंचीचा. दीड मीटरच्या जागी तीन मीटर भिंत केली की लोक समजतात खर्च दुप्पट. रेटा चौपट होतो आणि भिंत उलथवणारा जोर आठपट. म्हणून जागा असेल तर एका उंच भिंतीऐवजी दोन बुटक्या, मध्ये पुरेसं अंतर सोडून, पायऱ्यांसारख्या बांधाव्यात. बांधाच्या शेतकऱ्याला हे कोणी शिकवलं नव्हतं. पण जागा सोडायची म्हणजे पार्किंग जातं. तिथे आपलं घोडं अडतं.

आता आमची गोष्ट. आम्ही २००३ साली बदलापूर पूर्वेला राहायला आलो. २००५ चा २६ जुलै कोणाला सांगायला नको. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर. आमच्या इमारतीमागचा उतार त्या दिवशी घसरला आणि माती खालच्या चाळीच्या दारापर्यंत गेली. सुदैवाने माणूस दगावला नाही. मग जनरल बॉडीत ठरलं, भिंत बांधायची. तीस मीटर लांब, तीन मीटर उंच, दगडाची, आपल्याकडे ज्याला यूसीआर म्हणतात ती.

सोसायटीत आम्ही एकटेच पीएचडी, त्यामुळे कोटेशनं तपासायला आमच्याकडे आली. हा आमच्या पदवीचा सर्वांत महाग उपयोग. कागदावर खोदाई, पाया, दगडकाम, मागची भर, असे कलम होते. दगडकाम पायथ्याला एक मीटर ऐंशी, माथ्याला साठ सेंटिमीटर, म्हणजे अडतीस ब्रासच्या आसपास, पाया वेगळा. आणि तळाशी दोन कलमं: भिंतीमागे फूटभर जाडीचे गोटे आणि खडी, साडेनऊ ब्रास, आणि वीप होल, म्हणजे भिंतीतून आरपार पाईप, चाळीस. दीड-दीड मीटरचे चाळीस तुकडे म्हणजे सहा मीटरचे दहा पाईप. बस, एवढंच.

वर्गणी प्रत्येक घरामागे जास्त येत होती. सिंकिंग फंडात फारसं काही नव्हतं. उपविधीप्रमाणे बांधकाम खर्चाच्या पाव टक्का सिंकिंगला आणि पाऊण टक्का दुरुस्तीला दरवर्षी काढायचा असतो. किती सोसायट्या काढतात, हात वर करा. राहू द्या. तर प्रश्न आला, कमी काय करायचं? दगड कमी केला तर डोळ्याला दिसतं. पाया कमी करायला सगळेच घाबरतात. गोटे आणि पाईप मातीआड जाणार, ते कोणाला दिसणार? ठेकेदार म्हणाला, साइटवरचीच माती भरू, मजबूत दाबू. पाईप राहतील, पण बारा. ठराव मांडला गेला आणि आम्ही हात वर केला. कांटचं कर्तव्यशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने. हे आम्ही आज मुद्दाम सांगतो, कारण त्या ठरावाच्या वहीत आमची सही आहे.

आता गडग्याकडे परत या. सुक्या दगडाच्या भिंतीत फट फुकट होती. चुना आला, मग सिमेंट आलं, भिंत बारीक झाली, देखणी झाली आणि पाण्याला बंद झाली. जी फट पूर्वी आपोआप मिळायची, ती आता विकत घ्यावी लागते, अंदाजपत्रकात वेगळी ओळ लिहून. आणि ज्या गोष्टीची वेगळी ओळ असते, ती कापता येते. आमच्या मते भिंतींचा दीडशे वर्षांचा इतिहास या एका ओळीत आहे. तारेच्या जाळीत दगड भरून रचतात ती गॅबियन भिंत सध्या बरीच दिसते. तिच्यात फट परत आली. नवीन काही नाही, गडगाच जाळीत घातलाय.

भिंत २००७ च्या पावसाळ्याआधी झाली. नारळ फोडला. वरच्या जागेवर पट्टे मारून मोटारी उभ्या राहिल्या, त्यांचं वजन कोणी हिशेबात धरलंच नव्हतं. चार पावसाळे गेले. २०११ च्या जुलैत खालच्या चाळीतल्या एक बाई वर आल्या. आमच्या घरी धुणंभांडं करायच्या त्यांच्या जाऊबाई. म्हणाल्या, “सर, तुमचं पाणी आमच्या चुलीमागं येतंय. आणि भिंतीला पोट आलंय, या ना बघायला.”

आम्ही गेलो. चार वर्षांत आम्ही ती भिंत खालून एकदाही पाहिली नव्हती. वरून ती गुडघाभर कठडा दिसते. खालून ती आभाळ अडवते. मधोमध आठ-दहा फूट फुगवटा होता. बारा पाईपांपैकी बहुतेक मातीने बुजलेले आणि पाणी सांध्यांतून पाझरत होतं. त्यांनी भिंतीला लागून फळ्या टेकवल्या होत्या. टेकू म्हणून. आम्हाला काय बोलावं कळेना. “ताई, आधी का नाही सांगितलंत?” असं विचारलं, तर म्हणाल्या, “मागल्या साली सांगितलं होतं वॉचमनला.”

कायदा काय म्हणतो, तेही सांगतो, कारण तो मोठा वाचनीय आहे. १८८२ चा ईझमेंट ॲक्ट, वहिवाटीच्या हक्कांचा, मुंबई इलाख्याला १८९१ पासून लागू. त्याच्या सातव्या कलमातल्या उदाहरणांत दोन गोष्टी जवळजवळ शेजारी आहेत. एक, प्रत्येकाच्या जमिनीला तिच्या नैसर्गिक स्थितीत शेजारच्या जमिनीचा आधार मिळण्याचा हक्क आहे. दोन, वरच्या जमिनीवर पडलेलं पाणी स्वाभाविकपणे खाली वाहत असेल तर खालच्याने ते वाहू द्यावं. दोन्हीकडे कळीचा शब्द ‘नैसर्गिक’. आणि नैसर्गिक म्हणजे काय, तर जी जमीन खोदलेली नाही आणि जिच्यावर कृत्रिम भार नाही ती, असा खुलासा कायदाच करतो. मग बदलापूरच्या कापलेल्या, भरलेल्या, वर मोटारी उभ्या केलेल्या उतारात नैसर्गिक उरलं काय? आमचं पाणी ‘स्वाभाविकपणे’ खाली जात नव्हतं. आम्ही ते साठवून, दाबून, एका जागी सोडत होतो. भिंतीचा खर्च वरच्यांच्या वहीत लिहिला जातो आणि धोका खालच्यांच्या घरात राहायला जातो. खालच्यांना जनरल बॉडीत मत नसतं.

२०१९ साली हे सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. २९ जूनला कोंढव्यात एका सोसायटीची भिंत खालच्या मजुरांच्या झोपड्यांवर आली, पंधरा जण गेले, त्यांत मुलंही. तीनच दिवसांनी मालाडला पालिकेच्या जलाशयाची भिंत डोंगरउतारावरच्या वस्तीवर. ती बातमी आली त्या रात्री आमच्या सोसायटीतले सात-आठ जण टॉर्च घेऊन मागे गेले होते. कोणी कोणाला बोलावलं नव्हतं.

तोवर आमची भिंत दुरुस्त झालेली होती, २०१२ च्या उन्हाळ्यात. फुगलेला भाग उतरवला, मागची काळी माती काढली, गोटे भरले, पाईप घातले, पार्किंग दोन मीटर मागे घेतलं. यात सगळ्यात जास्त पैसा दगडाला लागला नाही, आधी केलेलं पाडायला आणि राडारोडा उचलायला लागला. पहिल्यांदा वाचवले होते त्याच्या कितीतरी पट. नेमका आकडा ऐकवला तर आमच्या सेक्रेटरींना राग येईल, आणि भाव दरवर्षी बदलतात. तुम्ही अंदाजपत्रक कराल तेव्हा चालू सरकारी दरसूची बघा, आणि इंजिनिअरची फी वाचवू नका. पावसाळ्याआधी काम आटोपायचं तर ठराव दिवाळीत व्हायला हवा, एप्रिलमध्ये नव्हे. आमचा पहिला ठराव एप्रिलमधलाच होता.

वालधुनीकाठी ज्यांची घरं आहेत त्यांच्यासाठी एक जादा गोष्ट. नदीची भिंत पूर चढलेला असताना सहसा टिकते, कारण पुढून पाण्याचा उलट दाब असतो. पूर झपाट्याने ओसरला की पुढचा आधार जातो आणि मागची माती मात्र भिजलेलीच असते. म्हणून पाणी उतरलं म्हणजे सुटलो, असं समजून त्याच दिवशी भिंतीलगत सामान धुवायला बसू नका.

प्रश्नोत्तरांकडे जाण्याआधी एवढंच. दुरुस्तीनंतर सोसायटीच्या बैठकीला खालच्या चाळीतले दोघं बोलावले जातात, भिंतीचा विषय असेल तेव्हा. मत नाही, पण बोलतात. पहिल्या पावसात कोणता पाईप वाहतो, कोणता नाही, याची यादी त्याच बाई ठेवतात. भिंतीवर खडूने आकडे घालून. गेल्या जूनमध्ये चाळीसपैकी सदतीस वाहत होते. सात, एकोणीस आणि तेवीस कोरडे. मे महिन्यात त्यांत सळई घालून बघायचं ठरलंय.